आधी निरीक्षण की आधी सिद्धांत?

कृष्णाकाठ, सांगली
परवा एका कॉलेजात मुलांचे विज्ञान प्रकल्प तपासायला गेलो होतो. एका गटाने कृष्णेच्या पाण्यावर काम केलं होतं. आयर्विन पूल, हरिपूरचा संगम (इथे वारणा कृष्णेला मिळते) आणि त्याच्या खालचं अंकली अशा तीन ठिकाणचे नमुने. पीएच, क्षार, विरघळलेला ऑक्सिजन, सगळ्याचे तक्ते. मेहनत खरी होती. निष्कर्ष असा की अंकलीला ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे वारणा मिळाल्यावर पाणी सुधारतं. मी विचारलं, नमुने किती वाजता घेतले? पुलाखाली सकाळी सातला, अंकलीला दुपारी दोनला.

प्रकल्प तिथेच बसला. रात्रभर पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, मासे सगळे ऑक्सिजन वापरत असतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन चढलं की शेवाळ ऑक्सिजन सोडायला लागतं आणि दुपारपर्यंत तो वाढत जातो. पाण्याचं तापमानही बघावं लागतं: 20 अंशाला लिटरभर पाण्यात हवेतून साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो, 30 अंशाला साडेसात. हे डोक्यात असतं तर तिन्ही नमुने एकाच वेळेला घेतले असते. आता त्या तक्त्यात वारणेचा परिणाम किती आणि सकाळ-दुपारचा किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही.

दोष मुलांचा नाही. निरीक्षण, अनुमान, प्रयोग आणि शेवटी सिद्धांत अशी शिडी आपणच त्यांना पाठ करायला लावतो. माझं म्हणणं, सिद्धांत आधी लागतो. कच्चा असेल, उद्या खोटाही ठरेल, पण त्याच्याशिवाय काय मोजायचं आणि कधी मोजायचं हेच ठरत नाही. आपल्याकडे कित्येक प्रबंध याच कारणाने नुसत्या आकड्यांच्या वह्या होऊन पडलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बागायतदार, तासगाव
सर, नदीचं मान्य. पण आमच्या धंद्यात उलटं झालंय. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं औषध, म्हणजे बोर्डो, कुठल्या सिद्धांतातून निघालं? फ्रान्समध्ये बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडायचे, ते का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत. 1882 मध्ये डाऊनी या वेलीच्या रोगाने बागांची पानं गेली आणि या रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या राहिल्या. डोळ्यांनी दिसलं, लोकांनी उचललं. आज ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पाऊस लांबला की आम्हीही 100 लिटरला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घेतो. तांबं बुरशीच्या आत जाऊन काय करतं ते मला सांगता येणार नाही, पण बाग वाचते. सिद्धांताची वाट बघत बसणाऱ्याची बाग राहत नाही.

वनस्पतीशास्त्र, मिरज
दादा, गोष्ट खरी आहे, पण पुढचा भाग राहिला. त्या रस्त्याने कितीतरी माणसं गेली असतील. थांबून विचार केला तो मिलार्दे यांनी, आणि ते वनस्पतीशास्त्रज्ञ होते. डाऊनी ही बुरशी आहे आणि तिचे बीजाणू पानावरच्या ओलीत रुजतात, हे त्यांना ठाऊक होतं. तांब्याने बुरशीचे बीजाणू रुजत नाहीत हे तर 1807 मध्येच प्रेव्हो यांनी गव्हाच्या काणी या बुरशीरोगावर काम करताना दाखवलं होतं. मिलार्दे यांनी पुढे प्रयोग केले आणि 1885 मध्ये मिश्रण जाहीर केलं. हे माहीत नसणाऱ्याने ती हिरवी ओळ बघून रस्त्याच्या धुळीने रोग अडला असंही म्हटलं असतं.

शिवाय तुम्ही फवारणीआधी मिश्रणात विळा बुडवून बघताच ना? पात्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवता. मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेच कोवळं पान भाजतं. हा सिद्धांतच आहे, रोज तुमच्या हातात असतो.

बागायतदार, तासगाव
ताई, विळा बुडवायला मला वडिलांनी शिकवलं. कारण आज तुमच्याकडून कळलं. कारण न कळता इतकी वर्षं काम बरोबर चाललं, हाच तर माझा मुद्दा आहे.

कोयनाकाठ, पाटण
सिद्धांताचं एवढं कौतुक करू नका. आमच्या खोऱ्याने त्याची किंमत मोजलीय. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, स्थिर खडक, इथे मोठा भूकंप होत नाही, हे त्या काळचं पक्कं मत. 1962 च्या भूकंप नकाशात कोयनेचा भाग शून्य धोक्याच्या पट्ट्यात होता. त्याच सुमारास धरणात पाणी साठू लागलं आणि गावोगाव हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का बसला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. 1970 च्या नकाशात शून्य पट्टाच काढून टाकला आणि कोयना जास्त धोक्याच्या चौथ्या पट्ट्यात आली. फडताळातली भांडी वाजतात हे आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. चुकला होता तो सिद्धांत.

कृष्णाकाठ, सांगली
यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. सिद्धांताच्या विरुद्ध जाणारी नोंद आली की आधी सिद्धांतावर संशय घ्यायचा, ही शिस्त पाळली नाही तर असंच होतं.

पण पुढे काय झालं तेही बघा. हादरे आणि पाणी यांचा संबंध दिसला, तो कशामुळे? पहिल्यांदा मनात येतं पाण्याचं वजन. धरणाची उंची 103 मीटर. 100 मीटर पाण्याचा दाब साधारण 10 वातावरणं, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहापट. पाच किलोमीटर खोल खडकावर वरच्या खडकाचाच दाब 1300 वातावरणांच्या आसपास असतो. त्यात 10 ची भर पडून काय होणार? उत्तर दुसरीकडून आलं. भेगांमधून पाणी खाली झिरपतं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मुळातच ताणात असलेल्या खडकाच्या दोन बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून एका खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडत होते, तिथेही असेच हादरे सुरू झाले होते.

हे कळल्यावरच काय बघायचं ते ठरलं: पाणी किती चढलं, किती वेगाने चढलं, किती दिवस वर राहिलं. कोयनेत तीन किलोमीटर खोल भोक घेतलं तेही याचसाठी, खडकातला ताण आणि दाब जागेवर मोजता यावा म्हणून. नुसत्या भांड्यांच्या आवाजावरून कुणी एवढं खोल गेलं नसतं.

कोयनाकाठ, पाटण
हे सगळं 1967 नंतरचं. आधी भांड्यांचा आवाज कुणी गांभीर्याने घेतला असता तर? माझा प्रश्न तसाच आहे.

एम.एस्सी., कराड
आता हा वादच जुना झालाय असं मला वाटतं. सगळे आकडे कॉम्प्युटरला द्या, नातं तो शोधून देतो. सिद्धांत लागतोच कुठे?

वनस्पतीशास्त्र, मिरज
सरांच्या त्या तक्त्यात वेळेचा रकानाच नसता तर कॉम्प्युटरनेही अंकलीचं पाणी चांगलं असंच सांगितलं असतं. कुठला रकाना आखायचा हे माणूसच ठरवतो.

बागायतदार, तासगाव
बरं, मग माझ्या कामाचं सांगा. दुकानदार नवीन औषध गळ्यात मारतोय, डाऊनीवर बोर्डोपेक्षा भारी म्हणतो. खरं-खोटं कसं करायचं? कॉलेजवाले म्हणतात एक ओळ न फवारता ठेवा. डाऊनी त्या ओळीत आली की वाऱ्याने सगळ्या प्लॉटभर जाणार. नुकसान कोण भरून देणार?

वनस्पतीशास्त्र, मिरज
तुमची अडचण रास्त आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तशी ओळ फसवी. तिच्यातले बीजाणू शेजारच्या ओळीवर जातात, मग शेजारच्या औषधाला जास्त रोगाशी झुंजावं लागतं आणि तुलना बिघडते. कुठलीच ओळ उघडी ठेवू नका. काही ओळींना बोर्डो, काहींना नवीन औषध. बांधाकडच्या आणि सखलातल्या ओळी वेगळ्या धरा, तिथे दव उशिरापर्यंत टिकतं. उरलेल्यांत कुठल्या ओळीला काय मारायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1920 च्या दशकात हीच पद्धत बसवली. दोन ओळींमधली एक ओळ फवारा, पण मोजणीत धरू नका, म्हणजे फवारा पलीकडे उडाला तरी गोंधळ नको.

बागायतदार, तासगाव
चिठ्ठ्या टाकतो. पण पानं आणि घड मी मोजणार नाही. औषधाला पैसे मोजलेत, मला ते चांगलंच दिसणार. बाहेरचा माणूस द्या, आणि कुठल्या ओळीला काय मारलंय ते त्याला सांगू नका.