अनुभव धागा: ‘चार हात लांब ऱ्हा’, खान्देशी पाट्यांची घडण

कोरोनामुळे 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि ‘सामाजिक अंतर राखा’ अशा एकसारख्या छापील पाट्या गावोगाव आल्या. खान्देशात माणूस थबकून वाचायचा ती पाटी मात्र त्याच्या बोलीतली असायची. 2 एप्रिल 2022 पासून राज्यातले निर्बंध उठले आणि भिंतींवर पुन्हा चुना फिरला. ज्यांनी पाट्या लिहिल्या, रंगवल्या, रांगा आखल्या त्यांनी आपली रीत इथे मांडावी. स्वतःची कहाणी नको. शब्द, मापं आणि चुका हव्यात.

अमळनेर, किराणा

अंतर मीटरमध्ये लिहू नका. सरकारी घोषणेतलं ‘दो गज’ अंतर म्हणजे 6 फूट. एक हात दीड फुटाचा, म्हणजे बरोबर चार हात. ‘चार हात लांब’ हे शब्द जिभेवर आधीच असतात, माप समजावून सांगावं लागत नाही. आमच्या अहिराणीत मजकूर असा: ‘तोंडले रुमाल नही, तर आठे (इथे) माल नही.’ यमक जुळलं की पोरं मोठ्यानं वाचतात आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याही कानावर सूचना पडते. दाराशी एवढंच पुरे: ‘हात धुईसन मंग मझार या’, म्हणजे हात धुऊन मग आत या.

रावेर, केळीबाग

अमळनेरची पाटी उचलून इथे लावली तर परक्या गावची वाटते. तिकडे ‘गर्दी कसाले करतस?’, इकडे ‘गर्दी कायले करता?’ आमच्या लेवा बोलीत ळ चा य होतो, केळी ‘केयी’ होते. बागेत दोन खोडांत 5 फूट सोडतात, म्हणून मजुरांसाठी ‘केयीच्या दोन खोडाईपेक्षा एक पाऊल जास्त’ हे माप सगळ्यात सोपं. पाऊल साधारण फूटभर, झाले 6. पाटी कोणत्या तालुक्यात लागणार हे आधी ठरवा, मगच शब्द निवडा.

धुळे, पेंटर

40 फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान 4 इंच हवं. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे 4 इंची अक्षराच्या ओळीला 7 इंच जागा धरा. 3 बाय 2 फुटांच्या पत्र्यावर तीनच ओळी बसतात आणि एका ओळीत आठ-नऊ अक्षरं. त्याहून लांब मजकूर आणला तर गिऱ्हाईक अक्षर बारीक करायला सांगतं, आणि पाटी वाया जाते. उन्हात लाल रंग आधी उडतो. मुख्य शब्द काळ्या ऑइलपेंटनं, लाल फक्त चौकटीला.

फ्लेक्सवर वेगळीच अडचण. ‘ऱ्हा’ टाइप करताना साधा र घेतला तर ‘र्हा’ असा रफार उमटतो. ऱ, हलन्त, मग ह, या क्रमानं घ्या. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना हे अक्षर हमखास बिघडतं. छापण्याआधी पडद्यावर मोठं करून पाहा, आणि तपासायला अहिराणी बोलणारंच माणूस बसवा. दुसरा कोणी चांगल्या मनानं अहिराणी ‘शे’ चं मराठी ‘आहे’ करून ठेवतो.

शहादा

धडगावकडे पावरी, नवापुरात मावची, या आदिवासी बोली. अहिराणी पाटी तिथे चालत नाही. त्या बोलीचं माणूस बोलतं तसं ऐकून लिहा. मराठीतून शब्दाला शब्द लावू नका.

चाळीसगाव, रांगेची आखणी

फक्की (पांढरी भुकटी) मारलेली रिंगणं पहिल्या सरीत वाहून जातात. फरशीवर ऑइलपेंट लावा, मातीवर विटा पुरा. खिळा, एक फूट सुतळी आणि खडू घेतला की 2 फुटांचं रिंगण होतं. इथेच बहुतेकांचं चुकतं: दोन मध्यांत 6 फूट ठेवतात, पण माणसं समोरासमोरच्या कडांवर उभी राहिली की मध्ये 4 च उरतात. मध्यापासून मध्यापर्यंत 8 फूट ठेवा. 40 फुटांच्या ओट्यावर पाचच रिंगणं बसतात, उरलेली रांग उन्हात जाते. म्हणून पुढे मांडव घाला, रिंगणं जवळ आणू नका.

पारोळा

गंमत नात्यावर करावी, आजारी माणसावर कधीच नाही, जातीवर तर नाहीच. ‘याही उना तरी रामराम दूरथीन’ (व्याही आला तरी रामराम दुरूनच) हे वाचून कोणी दुखावत नाही, कारण याह्याचा मान सगळ्यांना ठाऊक असतो. सूचना पहिल्या ओळीत, गंमत दुसऱ्या. मोटरसायकलवरचा माणूस पहिलीच ओळ वाचतो.