डीएनएमधील बेसच्या जोड्या पाठांतराशिवाय कशा शिकवाव्यात? सल्ला हवा

प्रश्न
नमस्कार. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनएच्या दोन साखळ्या बेस नावाच्या घटकांच्या जोड्यांनी जोडलेल्या असतात; ॲडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन या त्या जोड्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परंतु ॲडेनीनची जोडी सायटोसीनशी का जमत नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. विषय कोठून सुरू करावा आणि हाताने करण्यासारखे काय द्यावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
जोड्या आधी सांगूच नयेत. आकड्यांपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन चारगाफ यांनी १९५० च्या सुमारास निरनिराळ्या सजीवांच्या डीएनएचे पृथक्करण केले. माणसात ॲडेनीन व थायमीन प्रत्येकी सुमारे ३० टक्के, तर ग्वानीन व सायटोसीन प्रत्येकी सुमारे २० टक्के असतात, ई. कोलाय या जिवाणूत मात्र चारही २५ टक्क्यांच्या आसपास असतात. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचार करू द्यावा. प्रमाण जातीनुसार बदलत असूनही दोन-दोन आकडे सारखेच का राहतात, हा प्रश्न त्यांनीच विचारायला हवा.

मग पुठ्ठ्याचे आकार कापावेत. ॲडेनीन व ग्वानीन हे दोन वलयांचे प्युरीन, तर सायटोसीन व थायमीन हे एका वलयाचे पिरिमिडीन आहेत. त्यामुळे दोन साखळ्यांमधील जागेत दोन प्युरीन समोरासमोर मावत नाहीत आणि दोन पिरिमिडीन एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांनीही १९५३ मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे जुळवूनच या जोड्या ओळखल्या. त्याआधी ग्वानीन व थायमीन यांची पुस्तकांत छापलेली रूपे चुकीची असल्याचे रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी त्यांच्या लक्षात आणून दिले होते.

प्रतिसाद २
वरील क्रम उत्तम आहे. त्याला फाय-एक्स-१७४ या विषाणूची जोड द्यावी. त्याच्या डीएनएत ॲडेनीन व थायमीन यांचे प्रमाण समान नसते, कारण तो डीएनए एकाच साखळीचा असतो. समान प्रमाणाचा नियम कोठे लागू पडत नाही हे पाहिल्यावरच तो जोडीमुळे निर्माण होतो, हे मुलांना पटते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. परंतु रुंदीच्या हिशेबाने ॲडेनीन-सायटोसीन जोडीही बसतेच. मग पुठ्ठ्यावर काय दाखवावे?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. रुंदी हे अर्धेच उत्तर आहे. प्रत्येक तुकड्याच्या कडेवर हायड्रोजन देणाऱ्या जागेला लाल आणि घेणाऱ्या जागेला निळी खूण करावी. वरून खाली पाहता ॲडेनीनवर लाल-निळी, थायमीनवर निळी-लाल, सायटोसीनवर लाल-निळी-निळी आणि ग्वानीनवर निळी-लाल-लाल अशा खुणा येतील. लालसमोर निळी आली तरच हायड्रोजन बंध जुळतो. ॲडेनीन-थायमीनमध्ये असे दोन आणि ग्वानीन-सायटोसीनमध्ये तीन बंध मुले स्वतः मोजतील. ॲडेनीनसमोर सायटोसीन ठेवताच लालसमोर लाल येईल आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर वर्गातूनच मिळेल.