सुलकाटा कासवाला परसातलं काय घालू?

परसातली_मालवण

नमस्कार. भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला, त्याचं सुलकाटा कासव माझ्याकडे आलंय. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची (असे परदेशी प्राणी पाळण्याची) नोंद माझ्या नावावर करायचं काम चालू आहे. तळहाताएवढंच आहे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १९० ग्रॅम भरलं. आईने मायेने चार दिवस दहीभात घातला, मग हापूसची फोड. आंबा तर अगदी तुटून पडून खाल्ला. पण कालपासून पातळ शी होतेय आणि आज डोळे मिटून कोपऱ्यात बसलंय. परसात जास्वंद, शेवगा, अळू आणि हरळी आहे, बाजारात पालक मिळतो. काय घालू? पाऊसही तोंडावर आलाय.

देवगडकर_बागवाला

ताई, भात, दही, आंबा आजपासून बंद. हे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातलं जनावर, वाळकं गवत चावून जगणारं. गोड आणि पिठूळ खाल्लं की त्याचं पोट बिघडतंच. आता पसरट ताटात हनुवटीपर्यंत येईल एवढं कोमट पाणी घ्या आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, तिथेच ते पाणी पितं. दोन दिवसांत डोळे उघडले नाहीत तर कासवं बघणारा डॉक्टर गाठा, शी डबीत घेऊन जा, जंत तपासता येतात.

रोजचं खाणं म्हणजे हरळी, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. जास्वंदीची पानं-फुलं खुशाल घाला, शेवग्याचा पाला थोडाच. अळू मुळीच नको, आपल्या घशाला जी खाज सुटते तीच त्याच्या तोंडात सुटते. कण्हेर आणि घाणेरी विषारी, गडग्याकडेचा पाला काढताना डोळ्यांत तेल घालून बघा. आंबा-काजूच्या कलमांखालचं गवतही नको, फवारा सगळा खालीच उतरतो. मी स्वतः फवारणी करतो, म्हणून सांगतोय.

पालकाचं माझ्या हातून झालंय. हिरवागार दिसतो म्हणून वर्षभर रोज घातला. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. त्यात कासव घरातच, ऊन नाही. एके दिवशी उचललं तर अंगठ्याखाली पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली. सावरायला दीड वर्ष गेलं, पाठीवरचे उंचवटे अजून आहेत.

तेव्हापासून मी कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकुलाचं हाड, ठेवतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर किती वाहून येतो, तुम्हाला ठाऊक आहेच. पांढरा, होडीसारखा, नखाने ओरखडला की खडूसारखी भुकटी निघते. गोड्या पाण्यात आठवडाभर भिजवा, रोज पाणी बदला, म्हणजे खारटपणा जातो. मग कडकडीत वाळवून पाठीकडचा कडक पापुद्रा काढा आणि तुकडा तसाच टाकून ठेवा. हवा तेव्हा ते स्वतः कुरतडतं, कडेला चोचीचे अर्धगोल ठसे दिसतात.

पाणंदीतला_पोर

पावसाचं मी सांगतो. ओल आणि गारवा एकत्र आले की छाती भरते, नाकातून फुगे येतात. खोली उबदार ठेवा आणि यूव्हीबीची नळी, म्हणजे उन्हातला हाडांना लागणारा किरण देणारा दिवा, लावा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही, काच तो किरण अडवते. आणि हे ४० किलोच्या वर जाणारं जनावर आहे, जागेचा विचार आत्ताच करा.

वेंगुर्ल्याची_सई

आमच्या शेजारच्या काकूंनी वास्तूसाठी पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणलंय. त्याला हेच चालेल का?

देवगडकर_बागवाला

सई, ते स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवताच येत नाही. काकूंना नीट समजावून सांग आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन कर. सड्यावर, मोकळ्या माळावर, मात्र सोडू नका, ते आपल्याकडचं नाही, इथल्या पावसात टिकायचं नाही.

परसातली_मालवण

काल दोनदा पाण्यात बसवलं. आज सकाळी डोळे उघडे होते. जास्वंदीचं पान तोंडासमोर धरलं, आधी बराच वेळ नुसतं हुंगलं, मग कडेने एक घास तोडला. आई शेजारीच बसली होती. आता ती हरळी खुडायला परसात गेलीय, अळवाच्या वाफ्यापासून लांबची.