टॅपेट तीनदा लावले, तरी अँबॅसिडरची टिकटिक जात नाही

शहापूरचा अँबीवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या शहापूरचा. वडिलांची १९७८ ची मार्क ३ आहे, पेट्रोल, १४८९ सीसीचं मूळ इंजिन. बाबा जाऊन चार वर्षं झाली. माघी पुनवेला आईला सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला ह्याच गाडीतनं नेतो, दुसऱ्या गाडीत ती बसतच नाही.

दिवाळीपासून इंजिनाच्या वरच्या अंगाला टिकटिक सुरू झालीय. पलीकडच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटतं. गाडी थंड असताना कमी, तापली की स्पष्ट. रेस केली की तिच्याबरोबर वाढते. ऑइल बदललं, ऑइलचं प्रेशर तापल्यावरही ठीक आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, तीनदा लावून घेतले, दर वेळी १५ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून, माझ्या डोळ्यांदेखत. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, बेरिंग गेलंय, इंजिन उतरवून बोअर करून घ्या. मला ते पटत नाही. बेरिंगचा आवाज इतका बारीक असतो काय? उघडायच्या आधी काय काय बघू?

खानापूरकर

इंजिन अजिबात उतरवू नका. बेरिंगचा आवाज जड असतो, ठोका दिल्यासारखा. तो खालनं येतो आणि गाडीवर लोड आला की वाढतो. तवंदी घाट चढताना आवाज बदलतो का, ते सांगा. शिवाय गाडी बंद करून एका प्लगची वायर काढा, ती बॉडीला अर्थ करा आणि परत चालू करून ऐका. असं चारी प्लगना करा. एखाद्याला आवाज मंदावला तर दोष खाली, पिस्टन-बेरिंगकडं. काहीच फरक नसेल तर वर.

मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातनं धूर बाहेर नेणाऱ्या नळाचं, पॅकिंग फुंकत असलं तरी टिकटिक येते. पण ती थंड इंजिनाला जास्त असते आणि लोखंड तापलं की कमी होते. तुमचं उलटं आहे. तरी जोडावर काजळी धरलीय का, एक नजर टाका.

निपाणीचा मिस्त्री

वरचं सगळं बरोबर. आता टॅपेटचं ऐका. तुमचे टॅपेट चुकीचे लावलेत असं मी म्हणत नाही. फिलर फसवतोय.

ह्या इंजिनात रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचं, तोंड व्हॉल्व्हच्या शेंड्यावर घासतं. वर्षानुवर्षं चालून तोंडाला खळगा पडतो, बरोब्बर शेंड्याएवढा. फिलरची पाती त्याच्यापेक्षा रुंद. ती खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते, आत शिरतच नाही. तुम्ही म्हणता फट १५ थाऊ, आणि खळग्याची खोली मोजायचीच राहिली. खळगा ८ थाऊचा असला तर खरी फट २३ झाली. रॉकर दर फेरीला तेवढ्यावरनं आपटणार. कितीदाही टॅपेट लावा, तेच.

गाडी तापवा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि रॉकर कव्हर काढून बारीक रेसवर चालू ठेवा. गळ्यात मफलर, खांद्यावर टॉवेल नको, पंखा समोरच आहे. एकेका रॉकरखाली फिलर सरकवा. पाती गेली की आवाज थांबला, तर दोष तिथंच. १५ नं थांबत नसेल तर तिच्यावर आणखी पाती चढवा. रॉकर ज्यावर डुलतात तो शाफ्टही चाचपा. एकीकडनं पुशरॉड (खालनं रॉकर उचलणारी सळई), दुसरीकडनं व्हॉल्व्हची स्प्रिंग, दोन्ही रॉकरला वर रेटतात, म्हणून शाफ्ट नेहमी खालच्या अंगाला झिजतो. वरनं बघून काहीच कळत नाही.

शहापूरचा अँबीवाला

मिस्त्रीमामा, सापडलं!

प्लगच्या वायरी काढून काही फरक पडला नाही, घाटातही आवाज तोच. काजळी नाही. मग रविवारी कव्हर काढलं. पुढनं पाचव्या रॉकरला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, १५ ची पाती घातली तर आवाज जरासा दबला. तिच्यावर ८ ची चढवली आणि टिकटिक एकदम बंद. पाती काढली की सुरू, घातली की बंद. आईला हाक मारून ऐकवलं.

गाडी बंद करून तोंडाखाली नख फिरवलं, तर कडेला अडकलं. कोल्हापुरी चप्पल वापरून अंगठ्याखाली खळगा पडतो ना, अगदी तसा, गुळगुळीत आणि चकचकीत. आता शाफ्ट काढायचा तर नुसते नट सोडले की झालं काय?

चंदगडचा पाहुणा

तात्पुरतं चालवायचं असेल तर जुन्या फिलरची पाती घासून ६ मिमी रुंद करा, ती खळग्यात उतरते आणि खरी फट मिळते. मी एक पावसाळा असाच काढला. पण ते औषध नव्हे.

निपाणीचा मिस्त्री

नुसते नट सोडू नका! रॉकरचे स्टँड ज्यांवर बसतात त्यांतले चार नट हेडचेही, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचेही, आहेत. तेवढेच सोडले तर हेडवर एका बाजूनं ताण येतो, वाकायची भीती. आधी रेडिएटरचं पाणी काढा, मग हेडचे सगळेच नट थोडे थोडे, क्रमानं ढिले करा. पुशरॉड ज्याचा त्याच जागी परत गेला पाहिजे, पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घालून ठेवा. टॅपेट लावताना नवाचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, पाचवा दाबलेला असताना चौथा. बेरीज नऊ.

शहापूरचा अँबीवाला

शाफ्ट काढला. खालच्या अंगाला प्रत्येक रॉकरच्या जागी पायरी पडलेली. उद्यमबागेत एका ग्राइंडिंगवाल्याकडं नेलं. त्यांनी बोट फिरवून लगेच सांगितलं, "टॅपेट अल्ल री, रॉकर." म्हणजे टॅपेट नव्हे हो, रॉकर. आठही तोंडं गोलाई राखून घासून दिली, पण अगदी बेतानं. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला तर महिन्यात परत खळगा पडेल म्हणाले. शाफ्ट आणि रॉकरच्या भोकातले बुश नवे घातले, बुशची तेलाची भोकं जुळलीत का ते मीच उजेडात धरून बघितलं.

काल संध्याकाळी चालू केली. टिकटिक गेली. बाबा चालवायचे तेव्हाचा आवाज परत आला. पुनवेला अजून तीन आठवडे आहेत. हेडचे नट परत कधी आवळू?

निपाणीचा मिस्त्री

सौंदत्तीला जायच्या आधी पाचशे किलोमीटर फिरवा. मग रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर टॉर्क पान्यानं क्रमानं आवळा, आणि लगेच टॅपेट परत बघा. नट आवळले की फट थोडी बदलते.