मदत हवी आहे: ऑक्सिजन मशीनच्या ग्राहकांना अर्धवट मेसेज पाठवायला लावायलेत, काय करू?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूरला एका मेडिकल इक्विपमेंटच्या डीलरकडं सर्व्हिसचं काम बघतो. कंपनीचं अन् डीलरचं नाव टाकत नाही, नोकरीचा प्रश्न आहे, विचारू पण नका.

घरी वापरायचे ५ लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आम्ही लातूर, धाराशिव, बीडमधी विकलेत, लई मशीन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेले. आता कंपनीचं पत्र आलंय की एका बॅचमधी सेन्सरचा बोर्ड खराब निघायलाय. म्हणजे मशीन चालूच राहतं, बाटलीत बुडबुडे दिसतात, नाकाला हवा लागते, पण ऑक्सिजन कमी झाला तरी अलार्म वाजत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, मशीन नायट्रोजन गाळून तो साधारण ९३ टक्क्यांपर्यंत नेतं अन् ८२ च्या खाली आलं की बोंबलायला पाहिजे. धुळीनं अन् ओलीनं आतलं गाळायचं मटेरियल हळूहळू मरतं, ते पेशंटला कळत नाही, अलार्मलाच कळतं.

आता मला ग्राहकांना जो मेसेज पाठवायला दिलाय तो असा आहे: "आदरणीय ग्राहक, आपल्या मशीनची कामगिरी अधिक उत्तम करण्यासाठी आम्ही मोफत सेन्सर अपग्रेड मोहीम राबवत आहोत. आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील." बस. अलार्म वाजणार नाही हे कुठंच नाही, तोपर्यंत काय करायचं हे पण नाही. अन् एक्सेलमधी "ग्राहकाला कळवले" असा कॉलम आहे, व्हॉट्सॲपला डबल टिक आली की तिथं "होय" टाकायचं म्हणतेत. तेच शीट कंपनीला जाणार.

मला राहवत नाही ते यामुळं. औसा तालुक्यात एका घरी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, मशीन पलंगाखाली, आवाज होतो म्हणून वर गोधडीची घडी, फिल्टरवर कडब्याच्या भुश्श्याचा थर. सुनेला म्हणलं हे साफ करत जावा. ती म्हणाली, "दादा, वाजलं तवाच फोन करा असं तुमच्याच माणसानं सांगितलंय की." ती माणसं अलार्मच्याच भरवशावर झोपायलीत हो.

त्यात नंबरांचा घोळ. कुणी ऊसतोडीला कर्नाटकात, कुणाच्या नावापुढं पोराचा नंबर अन् पोरगा पुण्याला, कुठं पेशंट वारल्यावर मशीन पाव्हण्याला नाहीतर गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला देऊन टाकलंय. साहेब म्हणतेत खरं लिहिलं तर लोक घाबरून मशीनच बंद करतील अन् त्यातच कुणाचं काही झालं तर? हे म्हणणं मला उडवून लावता येत नाही. मग लिहायचं कसं? अन् कायद्यानं आमच्यावर काही येतं का? पोरंबाळं आहेत मला पण, पण हा मेसेज माझ्या हातानं जाईना.

डॉ_तालुका
भाऊ, साहेबांची भीती खरी आहे पण उपाय उलटा काढलाय. लोक मशीन बंद करतील असं वाटतंय ना, मग मेसेजमधी पहिलंच वाक्य तेच टाका: मशीन बंद करू नका. दुसरं, अलार्म वाजेल या भरवशावर राहू नका. तिसरं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सकाळ-संध्याकाळ अन् झोपायच्या आधी लावा. जुन्या दम्याच्या म्हणजे सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटचा रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, आम्ही ८८ ते ९२ च्या मधी ठेवतो, म्हणून सगळ्यांना ९५ च पाहिजे असं लिहू नका, नाहीतर घरचे लोक मशीनचा ऑक्सिजनचा फ्लो वाढवत बसतील अन् ते धोक्याचं आहे. तुमच्या डॉक्टरनं सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेलं, ओठ निळे पडले, पेशंट गुंगीत गेला, तर १०८ ला फोन. ज्यांच्याकडं ऑक्सिमीटर नाही त्यांना डीलरनं द्यावं, बोर्ड बदलेपर्यंत तरी.

वकील_परभणी
कायद्याचं विचारलंत म्हणून. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सप्रमाणं उपकरणानं पेशंटला धोका असेल तर कंपनीनं कारण सांगून ते मागं घ्यायचं अन् सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. कारण सांगून, हे महत्त्वाचं. अन् तुमच्या साहेबांना ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८६ वाचायला द्या. धोक्याबद्दल कंपनीनं दिलेली सूचना विक्रेत्यानं विकताना पुढं पोचवली नाही, किंवा वस्तूच्या तपासणी-देखभालीत योग्य काळजी घेतली नाही, अन् त्यातून इजा झाली तर विक्रेत्यावर सुद्धा जबाबदारी येते. कंपनीचं पत्र तुमच्या ऑफिसात पडलंय म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

डबल टिकवाल्या कॉलमचं तर मुळीच करू नका. जॉन्सन अँड जॉन्सननं १९८२ ला अमेरिकेत टायलेनॉलच्या गोळ्यांत कुणीतरी सायनाइड घातल्यावर सगळ्यांना उघड सांगून ३ कोटींच्या वर बाटल्या परत घेतल्या, त्याचं कौतुक आजही मॅनेजमेंटच्या वर्गात होतं. त्याच समूहाच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा २०१० ला जगभरातून परत बोलावला. भारतात ४,७०० च्या आसपास ऑपरेशनं झालेली, अन् केंद्राच्या समितीनं चौकशी केली तेव्हा त्यातल्या बहुतेक पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. पत्रं निघाली होती, माणसापर्यंत गेली नाहीत. तुमचं शीट पण तसंच भरायलेत.

तुम्ही साहेबांना लेखी मेल करा, शांत भाषेत: या शब्दांत धोका कळत नाही, दुसरा मसुदा जोडलाय. उत्तर जपून ठेवा. ऐकलंच नाही तर गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडं उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, टोल फ्री १८००-१८०-३०२४, तिथं कळवता येतं. जिल्ह्याच्या एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात पण.

मांजराकाठ
धन्यवाद डॉक्टर, वकीलसाहेब. कलम ८६ चं साहेबांना सांगितलं, ते कंपनीशी बोलतो म्हणलेत, अजून हो नाही की नाही नाही. मी मसुदा केलाय, बघा बरं:

"तुमच्या ऑक्सिजन मशीनमध्ये दोष असू शकतो. ऑक्सिजन कमी झाला तरी अलार्म वाजणार नाही. मशीन बंद करू नका. ऑक्सिमीटर रोज तीनदा लावा. डॉक्टरनं सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर डॉक्टरला किंवा १०८ ला फोन करा. बोर्ड मोफत बदलून देऊ. मशीन दुसऱ्याला दिलं असेल तर त्याचा नंबर द्या."

आशाताई_केज
दादा, मेसेज चांगला झालाय पण बॅच नंबर कुठं बघायचा ते टाका, मशीनच्या मागं स्टिकर असंल तर त्याचा फोटोच जोडा, म्हाताऱ्या माणसाला लांबलचक नंबर वाचता येत नाही. अन् गावांची यादी काढून आमच्यासारख्या आशांना द्या, कुणाच्या घरी मशीन चालू आहे हे आम्हाला घरोघर फिरून माहीत असतंय, कुणी कुणाला दिलं ते पण. "कळवले" च्या कॉलममधी तारीख अन् घरातल्या कोणाशी बोललात त्याचं नाव लिहा. केजकडच्या गावांचं मी बघते, फक्त ऑक्सिमीटर जास्तीचे पाठवा, आमच्याकडचे कोरोनातले बरेच बंद पडलेत.