मदत हवी आहे: फुटपाथवरून सायकली दामटणाऱ्या मुलांना आवर कसा घालायचा? (सांगली, विश्रामबाग)

नमस्कार मंडळी,

मी सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला, विश्रामबागेच्या बाजूला राहते. आमच्याकडं फुटपाथवरून सायकली इतक्या जोरात जातात की वयस्कर माणसांनी बाहेर पडणं सोडलंय. तक्रार कुणाकडं करायची, ती कुठल्या कायद्यात बसते आणि पोरांशी वाकडं न घेता हे थांबवता येईल का, हे विचारायचं आहे. ज्यांनी आपल्या भागात असं काही मार्गी लावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

संध्याकाळी क्लास सुटले की घोळकाच निघतो. दहा-बारा सायकली, बहुतेक गिअरच्या, घंटी एकालाही नाही. शेजारी शेजारी गप्पा मारत चालवतात आणि मध्येच कुणीतरी शर्यत लावतो. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट एवढा असतो की मागून सायकल आलेली कळतच नाही. हँडल कोपराला घासून गेलं की मग कळतं. बायका भाजीची पिशवी रस्त्याकडच्या हातात धरत नाहीत, लहान पोराला भिंतीकडून चालवतात. ही सगळ्यांना सवयच झालीय, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. गेल्या महिन्यात मागून आलेल्या सायकलचं हँडल काठीला अडकलं, काठी हातातून निसटली आणि ते झाडाच्या आळ्याच्या सिमेंटच्या कडेवर हात टेकून पडले. मनगटाचं हाड मोडलं. अजून प्लास्टर आहे. तो मुलगा पळून गेला नाही, हे मुद्दाम सांगते. आठवी-नववीतला असेल. त्यानं सायकल तिथंच टाकली, "आजोबा, सॉरी, आजोबा, सॉरी" म्हणत दप्तरातली पाण्याची बाटली काढली, आणि टोपण काही त्याला उघडेना, एवढे हात कापत होते. त्याच्यावर माझा राग नाही. पण आबा आता खाली उतरत नाहीत. गच्चीवर फेऱ्या मारतो म्हणतात. कोपऱ्यावरच्या बाकावर त्यांची चार मित्रमंडळी रोज बसायची, त्यांच्यातलेही दोघं यायचे बंद झालेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि चालायची जागाच राहिली नाही.

आता दुसरी बाजू. या मुलांना "रस्त्यावरून जा" म्हणायची माझी हिंमत होत नाही. एसटी, वडापच्या जीपगाड्या, डंपर सगळं त्याच रस्त्यावर. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येतात, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझा भाचा सायकलनंच क्लासला जातो. तो फुटपाथवर चढला तर मी त्याला कुठल्या तोंडानं खाली उतरवू?

आतापर्यंत काय केलं तेही सांगते, म्हणजे तेच सल्ले पुन्हा यायला नकोत. क्लासच्या ऑफिसात जाऊन बोलले, "गेटच्या बाहेरचं आमच्या हातात नाही" असं उत्तर मिळालं. चौकात ड्युटीवर असलेल्या हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, सायकलला नंबर नाही, लायसन नाही, पावती कशावर फाडू? सोसायटीच्या ग्रुपवर एकानं फुटपाथवर मोठे दगड टाकायचं सुचवलं. मी विरोध केला, कारण त्या दगडाला अडखळून पहिला पडणार तो म्हातारा माणूसच. शेजारच्या एका गृहस्थांनी एका पोराच्या कानाखाली वाजवली, त्याचे वडील आले, रात्री दहापर्यंत भांडण चाललं. असलं काही मला नकोय.

कुणाला मार्ग माहीत असेल तर सांगा.

पायवाट:
ताई, आबांना लवकर बरं वाटो. साताऱ्यातही हेच आहे, आणि आमच्याकडं वर उतार. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं येताना पायडल मारायलाच लागत नाही, सायकल सुटतेच. माझ्या आईनं त्या बाजूनं जाणं बंद केलंय. उपाय माझ्याकडं नाही, धागा वाचत राहीन.

रांगडा_सांगलीकर:
दोन रट्टे दिल्याशिवाय ही पोरं ऐकणार नाहीत. आमच्या वेळी बापानं आधी हाणलं असतं आणि मग विचारलं असतं.

धागाकर्ती:
दादा, रट्टे देऊन झालेत, वर लिहिलंय की. दुसऱ्या दिवशी तीच पोरं तिथूनच गेली, फक्त त्या गृहस्थांच्या घरासमोर मुद्दाम ओरडत गेली.

कोर्टकचेरी:
मी वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. हवालदारांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा साध्या सायकलला लागत नाही. बॅटरीवरच्या ज्या सायकलींची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, त्याही बहुतेक यातून सुटतात, म्हणून त्यांना नंबरप्लेट दिसत नाही.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आहे, पूर्वी ज्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे. त्याच्या कलम १०३ प्रमाणे पदपथावरून कुठलंही वाहन चालवायचं नाही, ढकलत न्यायचं नाही आणि तिथं उभंही करायचं नाही. सूट फक्त लहान मुलांच्या बाबागाडीला. आणि या कायद्यातल्या वाहनाच्या व्याख्येत सायकल आहे. म्हणजे नंबर नसला तरी कारवाई करता येते. त्याच कलमात फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकलीही येतात, हे अर्जात लिहायला विसरू नका. कुणाच्या जिवाला धोका होईल असं बेदरकारपणे चालवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे. ते सार्वजनिक रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनाला लागतं, फक्त मोटारीला नाही.

आबांच्या बाबतीत मात्र माझा सल्ला असा की त्या मुलामागं लागू नका. अठराच्या आतला आहे, थांबला, मदत केली. अशा वयात पोलीसही किरकोळ प्रकरणात गुन्हा न नोंदवता डायरीत नोंद घेतात. तुम्हाला हवा आहे तो बंदोबस्त. त्यासाठी मोठा आधार म्हणजे मे २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. चालण्याजोगे, अडथळे नसलेले पदपथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलंय आणि राज्यांना पादचाऱ्यांसाठी धोरण करायला सांगितलंय. हे वाक्य अर्जात पहिल्या परिच्छेदात टाका.

दोन_चाकं_मिरज:
मी रोज मिरजेहून सांगलीला सायकलनं कामाला येतो. ताई, तुमच्या आबांना जे झालं ते वाचून फार वाईट वाटलं. फुटपाथवर सायकल चालवायचीच नाही, हे मी मानतो. फार गर्दी असली आणि वर चढावंच लागलं तर उतरून, हातात धरून, चालणाऱ्याच्या मागं राहून न्यायची. वकीलसाहेब म्हणतात तसं कायद्यात ढकलत न्यायलाही मनाई असेल तर तेही सोडू. पण चालवत नेणं हा चालणाऱ्यावर अन्यायच आहे.

मात्र पोरं वर का चढतात ते एकदा खाली उतरून बघायला पाहिजे. रस्त्याची डावी कड सायकलवाल्याची. तिथं काय असतं? आधी उभ्या गाड्या. त्यांच्या शेजारून जावं तर कुणीतरी मागं न बघता दार उघडतो. मग खडी आणि वाळू. मग उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले, दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पावसाळी गटाराच्या जाळ्या. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं उभ्या बसवल्यात. सायकलचं बारीक चाक त्या फटीत सरळ आत जातं. माझं गेलंय, रिमला आठ पडला, हनुवटीला टाके पडले. त्या जाळ्या नुसत्या काढून आडव्या फिरवून बसवल्या तरी काम होतं, नवीन काही विकत आणायला नको. मोटारीत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट कधी दिसतच नाही.

मग तेरा वर्षांचा पोरगा काय करणार? मागून उसाचा ट्रॅक्टर, पुढं उघडी जाळी, बाजूला मोकळा फुटपाथ. तो चढणारच. म्हणून अर्ज करणार असाल तर नुसतं "सायकली बंद करा" म्हणू नका. क्लास सुटायच्या वेळेत डाव्या कडेची पार्किंग हटवा, उलटी वाहतूक थांबवा, जाळ्या फिरवा, हे त्यातच मागा. नाहीतर आठ दिवस कारवाई होईल, पोरं खाली जातील आणि एखाद्याचा जीव जाईल.

आणि घंटी! पन्नास-शंभर रुपयांची घंटी हजारोंच्या सायकलला का लावत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

खडू_फळा:
मी शिक्षक होतो, आता निवृत्त. तुमच्या आबांच्या पिढीला आठवत असेल, पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकाची हवा सोडायचे, मग पंक्चरवाल्यापर्यंत चालत जावं लागायचं. तो बिल्ला गेला आणि सायकलला काही नियम असतात ही गोष्टच पुढच्या मुलांना कुणी सांगितली नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. पहिलीपासून झेब्रा क्रॉसिंगचं चित्र रंगवून घेतो, पण सायकल कुठून चालवायची, वळताना हात कसा दाखवायचा, यावर एक तासही घेत नाही.

क्लासवाल्यांकडं पुन्हा जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका, एक मागणी घेऊन जा. सगळ्या बॅचेस एकाच वेळी सोडू नका, दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवा. घोळका फुटला की शर्यत संपते. एकटा पोरगा सहसा दांडगाई करत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत बघितलंय. एक शिपाई पहिली पाच मिनिटं गेटवर उभा राहिला तरी फरक पडतो.

शाळेतही बोला. परिपाठाच्या वेळी पाच मिनिटं मागा. शाळेत आरएसपीचं, म्हणजे रस्ता सुरक्षेचं विद्यार्थ्यांचं पथक असेल तर त्याच मुलांना संध्याकाळी चौकात उभं करता येतं, मात्र बरोबर एक शिक्षक हवाच. आणि जमत असेल तर आबांनाच घेऊन जा, हाताला प्लास्टर आहे तोवरच. भाषण नको. "मी पडलो, आता मला बाहेर पडायची भीती वाटते" एवढं त्यांनी सांगितलं तरी पोरांच्या मनात राहील. पोरं वाईट नसतात हो. पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, त्याला पटकन बाजूला होता येत नाही, हे त्यांना खरंच माहीत नसतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं वाचून आबांना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग जेवताना स्वतःच म्हणाले, "तो पोरगा कुठल्या शाळेतला होता, बघ." शोध घेतला तर तो आमच्या मागच्याच गल्लीतला निघाला. त्याच्या आईला भेटून आले. ती बिचारी घाबरलीच, पोलिसांचं काही आहे का म्हणून. तिला सांगितलं, काही नाही, फक्त आबांना शाळेत घेऊन जायचंय, तुमचा मुलगा बरोबर येईल का? तो दाराआडून ऐकत होता. येतो म्हणाला.

अर्जाचा मसुदा खाली टाकते. चुका सांगा.

"विषय: विश्रामबाग परिसरातील पदपथावरून होणारी सायकल व दुचाकी वाहतूक आणि पार्किंग थांबवणे, तसेच सायकलस्वारांसाठी रस्त्याची डावी कड सुरक्षित करणेबाबत. महोदय, अडथळेविरहित पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आमच्या भागात सायंकाळी पाच ते आठ या वेळेत पदपथावरून भरधाव सायकली जातात. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक जखमी झाले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १०३ नुसार यास मनाई आहे. तथापि बहुतांश सायकलस्वार शाळकरी मुले असून रस्त्याच्या कडेला उभी वाहने, उलट दिशेची वाहतूक व गटाराच्या धोकादायक जाळ्या यांमुळे ती पदपथावर येतात. सबब दंडाआधी समज द्यावी, आणि डावी कड मोकळी करून जाळ्या तातडीने आडव्या बसवाव्यात, ही विनंती."

कोर्टकचेरी:
मसुदा उत्तम आहे. दोनच गोष्टी. एक, अर्ज वेगवेगळे करा. जाळ्या आणि पदपथ महापालिकेकडं, पार्किंग आणि उलटी वाहतूक शहर वाहतूक शाखेकडं. एकाच अर्जात दोन्ही घातलंत तर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतील. प्रत्येकाची प्रत दुसऱ्याला लावा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, तिथं अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात, पण त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो आणि ही पोच तिथं लागेलच.

दुसरं, फुटपाथ टेपनं मोजा. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय. झाडाचं आळं, खांब, विजेची डीपीची पेटी सोडून उरते ती रुंदी मोजा आणि जिथं कमी भरते तिथले फोटो जोडा.

धागाकर्ती:
उद्याच मोजते, भाच्याला बरोबर घेऊन. मिरजेचे दादा, उभ्या पट्ट्यांच्या जाळ्या नेमक्या कुठं कुठं आहेत ते तुम्हाला पाठ असणार. त्या दाखवाल का? आणि अर्जावर चालणाऱ्यांच्या सह्यांबरोबर सायकलवाल्यांच्याही सह्या हव्यात असं आबांचं म्हणणं आहे.

दोन_चाकं_मिरज:
दाखवतो की. सायकलवाली आमची पाच-सहा जणं आहेत, सगळ्यांच्या सह्या आणतो. रविवारी सकाळी विश्रामबाग चौकात येतो, रस्ता मोकळा असताना जाळ्यांचे फोटो नीट निघतील. टेप माझ्याकडं आहे, तुम्ही फक्त वही आणा.