भाताची पोती मोजायची की घर?

डिचोलीकर: गेल्या आठवड्यात एका शेती प्रकल्पाचे सर्वेक्षणवाले आमच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या घरी आले होते. दोन वर्षांपूर्वी अनुदानावर पॉवर टिलर घेतला, त्याचा परिणाम मोजायला. पहिलाच प्रश्न, हेक्टरी उत्पादन किती वाढलं? बाबांनी खंडी-कुडवात, म्हणजे धान्याच्या जुन्या मापांत सांगितलं, सर्वेक्षणाच्या मुलाने मोबाइलवर त्याचे किलो केले. (कुडव सगळीकडे एकाच मापाचा नसतो, हे त्याला कोण सांगणार!) उत्पादन होतं तेवढंच आहे. पण पूर्वी बैलवाल्याची वाट बघता बघता पाऊस पुढे निघून जायचा. आता धाकटा भाऊ कामावर जायच्या आधी दोन तास चिखलणी करतो. नोकरी टिकली, पड पडणारी शेतंही लागवडीखाली राहिली. कागदावर मात्र परिणाम शून्य. शेत कसलं मोजता, घर मोजा.

तुलनावाला: मोजू की. पण कुणाच्या घराशी ताडून? तुमच्याच तालुक्याचं घ्या. सप्टेंबर 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. समजा त्याच वर्षी तिथे भाजीचा एखादा प्रकल्प सुरू झाला असता. पुढच्या वर्षी उत्पन्न विचारलं तर खनिजाचे ट्रक कामाविना दारात उभे, म्हणून घटच दिसणार आणि प्रकल्प नापास. उलट खाणीवरचं काम गेलेले लोक शेताकडे वळले असते, तर ते श्रेय प्रकल्पाने खाल्लं असतं. दोन्ही खोटं. म्हणून प्रकल्प न मिळालेली, पण बाकी तशीच असलेली घरंही पहिल्या दिवसापासून मोजावी लागतात. दोन्हींत झालेल्या बदलातला फरक तेवढा प्रकल्पाचा. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच, चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या प्रयोगांसाठी. तुमचा भाऊ धडपड्या दिसतो. टिलर नसता तर त्याने दुसरी वाट काढली नसती कशावरून?

मानशीकडचा: चिठ्ठ्या टाकायला आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात या. बांध सगळ्यांचा एक, मानस म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार, तेही एक. बांध दुरुस्त झाला की यादीतल्याचं आणि यादीबाहेरच्याचं, दोघांचंही शेत खाऱ्या पाण्यापासून वाचतं. मग तुमचा फरक शून्य, आणि साहेब लिहिणार की बांधाचा उपयोग नाही! शिवाय बांध धड असेल त्या वर्षी कोरगुट, म्हणजे खारं पाणी सोसणारं आमचं जुनं भात, मागास ठरतं. फुटला की तेच तगतं. कुठल्या वर्षी मोजणार?

तुलनावाला: मान्य. तिथे घर नव्हे, अख्खं खाजन धरायचं. आणि एक-दोन नव्हे, बरीच खाजनं, पाच-सहा वर्षं. पैसे देणाऱ्याला अहवाल मार्चअखेर हवा असतो, घोडं तिथेच अडतं.

सत्तरीची सून: पण घरांची यादी कुठून काढता? सरकार शेतकऱ्याला देतं त्या कृषी कार्डावरून. कार्डाला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीचा उतारा लागतो. आम्ही कसतो ती जमीन अजून दुसऱ्याच्याच नावावर. म्हणजे आम्ही प्रकल्पात नाही आणि तुमच्या तुलनेतही नाही. दुसरं, घर मोजा म्हणता, पण घरातलं कोण? शेजारी ठिबक आलं, मिरची दुप्पट लावली. खुडणी कोणाच्या पाठीवर? शेजारणीच्या आणि तिच्या सासूच्या. सर्वेक्षणवाल्याने नवऱ्याला विचारलं, मजुरी किती गेली? तो म्हणाला, काही नाही, घरचीच माणसं.

डिचोलीकर: ताई, लावणी आमच्याकडेही आई आणि वहिनीच करतात. टिलरने वाचले ते भावाचे तास. वर लिहिताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुलनावाल्यांचं मात्र पटत नाही. ज्याला काहीच द्यायचं नाही त्याच्या दारात वर्षानुवर्षं कागद घेऊन जाणार? तो बसा तरी म्हणेल का?

तुलनावाला: त्याला दुसऱ्या टप्प्यात द्यायचं. पैसे सगळ्यांना एकदम पुरत नाहीतच. मग आधी कोण, हे चिठ्ठीवर ठरू दे, पंचाच्या ओळखीवर नको.

मानशीकडचा: चिठ्ठी उचलायला पंचच येईल, बघा.